चादरी मातीत का पडल्या?

"ही कार्टी दोरीला लोंबकळते! माकडं परवडली, ती निदान धुतलेल्या चादरींना हात लावत नाहीत!"

मोठीआईचा आवाज अंगणातून निघाला की आधी गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि मग वळून घरात यायचा. टिकली दात घासत होती. ब्रश तोंडात तसाच धरून ती बाहेर धावली आणि जागच्या जागी थिजली!

काल संध्याकाळी वाळत घातलेल्या हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरी! ओळीच्या ओळी खाली आल्या होत्या आणि एकेकीचा काठ ओल्या मातीत लोळत होता.

"मी नाही लोंबकळले!" टिकली फेसाळलेल्या तोंडाने म्हणाली.

"मग दोरी आपणहून खाली आली? तिला काय झोप आली होती?"

"खरंच सांगते, मोठीआई..."

"आधी चूळ भर! खोटं बोलायचं तर निदान स्वच्छ तोंडाने बोलावं माणसाने!"

मोठीआई म्हणजे टिकलीची आजी. शाळेशी तिचं फारसं जमलं नव्हतं, पण हे अख्खं धुलाईघर तिने एका टबापासून उभं केलं होतं. कपड्यावरचा डाग चहाचा की औषधाचा, हे ती नुसत्या वासावरून सांगायची. तिच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती, चादर मातीत पडू देणारी आणि पडू न देणारी. टिकली आज पहिल्या प्रकारात जाऊन पडली होती. शिक्षाही ताबडतोब मिळाली. सगळ्या चादरी तिने पुन्हा खळबळायच्या! सुट्टी असो नाही तर काही असो!

तेवढ्यात काका पक्कड घेऊन आले. काका म्हणजे मोठीआईचे धाकटे चिरंजीव. कुठलंही काम अर्ध्या वेळात आणि पाव मेहनतीत उरकायचं, ही त्यांची खासियत.

"अगं, त्यात काय एवढं! दोरी सैल पडली की आवळायची. रोज आवळतोच की मी!" असं म्हणून त्यांनी फाटकाजवळच्या खालच्या खांबाशी दोऱ्या करकचून ओढल्या, गाठी मारल्या आणि हात झटकले. "झालं! संपला विषय!"

विषय संपला नव्हता. टिकलीच्या डोक्यात तो आत्ता कुठे सुरू झाला होता. रोज आवळतात? रोज?

टबात चादरी बुडवता बुडवता तिने आपली फौज बोलावली. फौज म्हणजे तिच्यासकट तिघं. काकांचा मुलगा पैलवान, जो इतका काटकुळा होता की वाऱ्याच्या दिवशी त्याला चिमटा लावून ठेवावा असं मोठीआई म्हणायची. आणि टिकलीचा धाकटा भाऊ शंकासुर. त्याला 'जेवायला चल' म्हटलं तरी तो 'का?' असं विचारायचा.

"पैलवान, तू लोंबकळलास का दोरीला? खरं सांग!"

"मी? माझ्या वजनाने दोरी खाली येईल? ती उलट वर जाईल!"

"आणि तू रे?"

"लोंबकळल्यावर दोरी खाली येते, पण सोडल्यावर खालीच का राहते?" शंकासुराने विचारलं.

टिकलीचा हात टबातच थांबला. खरंच की! अंगणात नायलॉनच्या दोऱ्यांशेजारी जाड ब्लँकेटांसाठी एक पोलादी तार होती. दोरी ताणून लांबेल एक वेळ, पण तार? आणि आज तारसुद्धा लोंबत होती, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं!

"पैलवान, लटक तारेला!"

"आणि मोठीआईने बघितलं तर?"

"तर मी लटकले होते असं सांग. नाही तरी माझं नाव खराब झालंच आहे."

पैलवान लटकला. तार थोडी खाली आली. त्याने हात सोडले आणि तार टण्णकन पुन्हा जागेवर गेली! त्याने पुन्हा लटकून पाहिलं, पुन्हा तेच.

"म्हणजे लोंबकळून हे झालेलंच नाही!" टिकली ओरडली. मग ती खालच्या खांबाकडे धावली. गाठीपुढे दोरीचं उरलेलं शेपूट वेटोळं होऊन पडलं होतं. रोज आवळून आवळून एवढी दोरी इकडे ओढली गेली होती! दोरी तेवढीच, तारही तेवढीच. मग कमी काय झालं?

"दोन खांबांमधलं अंतर," टिकली हळूच म्हणाली.

"खांबाला पाय असतात?" शंकासुराने विचारलं. या वेळी कोणी हसलं नाही.

अंगणाच्या एका बाजूला टेकडी होती. तिच्या पायथ्याला पाठ टेकून इस्त्रीखोली बांधलेली होती आणि वाळवणीचे वरचे खांब खोलीच्या बाजूला टेकडीच्या उतारावर रोवलेले होते. तिघंही तिकडे पळाली. वरचा प्रत्येक खांब अंगणाकडे झुकला होता, जणू कान देऊन ऐकतोय! खांबांमागे गवत उसवल्यासारखं फाटलं होतं. वरची झाडंही वाकडीतिकडी झाली होती.

"ए, हे खांब पडताहेत की चालताहेत?" पैलवान दोन पावलं मागे सरकला.

इस्त्रीखोलीच्या दारात काका रंधा मारत उभे होते. दार चौकटीत अडकत होतं.

"काका, दार का अडकतंय?"

"लाकूड फुगलंय. हवा दमट असली की फुगतं!"

"पण हवा तर कोरडी आहे. तुम्हीच म्हणालात, चादरी पापडासारख्या वाळताहेत म्हणून!"

"शंकासुर, तू खेळायला जा!" काका म्हणाले. उत्तर नसलं की मोठी माणसं नेमकं हेच म्हणतात.

शंकासुर खेळायला गेला, तो इस्त्रीखोलीच्या मागे. तिथे टेकडीची माती अडवणारा दगडी बांध होता. क्षणभरात त्याची किंकाळी आली.

"ताई! बांध दात घासतोय!"

"काय बरळतोस?" म्हणत टिकली धावली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. दगडांच्या फटीफटींतून फेस येत होता! पांढरा, बुडबुड्यांचा, किंचित निळसर फेस! बांधाच्या पोटाला फुगवटा आला होता आणि त्या पोटातून फेस गळत होता. टिकलीने बोट लावून वास घेतला. धुलाईघराची नात ती! तो वास तिने झोपेतही ओळखला असता.

"आपला साबण! आपलीच नीळ!"

"आपलं पाणी तर नालीतून रस्त्याकडे जातं," पैलवान म्हणाला. "नाली तुंबली होती तेव्हा मोठीआईने बाबांना साफ करायला सांगितली. बाबांनी केलीही. त्यांनीच सांगितलं तसं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघंही नालीकडे सुटली. नाली ठणठणीत कोरडी होती! तिच्यात कोळ्याने जाळंसुद्धा विणलं होतं. मग एवढ्या टबांचं पाणी जात होतं कुठे? धुण्याच्या खोलीमागे, झुडपांत दडवलेला एक काळा पाइप पैलवानालाच दिसला. बाजूला एक छोटा पंप घुरघुरत होता. पाइप चढणीवर चालला होता.

"बाबांनी नाली साफ केलीच नाही, पाणीच वर सोडून दिलं," पैलवान म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"चल रे," टिकलीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आधी बघू तरी!"

पाइप धरून तिघं वर चढली. टेकडीच्या अर्ध्या वाटेवर एक खड्डा होता आणि पाइपाचं तोंड त्यात सोडलेलं होतं. साबणाचं पाणी भसाभसा खड्ड्यात पडत होतं आणि बघता बघता जमिनीत गडप होत होतं. एवढं पाणी! आणि खड्ड्यात डबकंसुद्धा नाही!

"टेकडी पाणी पितेय," शंकासुर कुजबुजला. "मग ते तिच्या पोटात जाऊन काय करतं?"

टिकली मात्र खड्ड्याच्या कडेकडे बघत होती. माती खणलेली होती, त्यामुळे आतलं सगळं उघडं पडलं होतं. खाली गुळगुळीत चिकट माती, तिच्यावर लहानमोठे दगड कसेही कोंबलेले आणि मधोमध एक जुनाट, काळं पडलेलं झाडाचं खोड. आडवं! जमिनीच्या पोटात आडवं झाड?

"हे इथे कसं आलं?"

"पडलं असेल," पैलवान म्हणाला.

"पडलं तर जमिनीवर पडेल. याच्यावर एवढी माती कोणी घातली?" टिकलीला भूगोलाचा वर्ग आठवला. बाईंनी वाळूचा ढीग करून त्यावर झारीने पाणी ओतलं होतं. वरून वाळू घसरली होती आणि खाली एक सपाट जागा तयार झाली होती. बाई म्हणाल्या होत्या, डोंगर एकीकडे मोडतो आणि दुसरीकडे नवी जमीन घडवतो. पाणी हे दोन्ही करतं.

तिने वळून खाली पाहिलं. आपलं धुलाईघर. आपलं अंगण. 'अख्ख्या उतारावर अशी सपाट जागा शोधून सापडणार नाही, माझ्या सासऱ्यांनी पारखून घेतलीय,' असं मोठीआई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. सपाट का होती ती जागा? कारण ती पूर्वी कधीतरी वरूनच खाली आली होती! ही टेकडी पहिल्यांदा घसरत नव्हती!

"आई गं! माझी चप्पल!"

पैलवानाचा एक पाय गवतात घोट्यापर्यंत गेला होता. तिघांनी गवत बाजूला सारलं. जमिनीला भेग पडली होती! ती नुसती इथे नव्हती, तर वाकडी होत होत खड्ड्याच्या वरून पलीकडे वरच्या खांबांपर्यंत गेली होती. जणू कोणीतरी टेकडीचा एक तुकडा चाकूने कापून ठेवला होता, फक्त उचलायचा बाकी! पैलवानाने पाय बाहेर काढला, पण निळ्या पट्ट्याची चप्पल आत गेली ती गेलीच. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

टिकलीने खिशातून कपड्यांचे दोन चिमटे आणि शिवणाचा दोरा काढला. भेगेच्या अल्याड एका झुडपाला, पल्याड दुसऱ्या झुडपाला चिमटे लावले आणि मध्ये दोरा ताणून बांधला. "भेग रुंदावली तर हा तुटेल. चला, आता मोठ्यांना सांगू!"

सांगितलं. जेवणाच्या वेळी, सगळ्यांसमोर, सगळं सांगितलं. फेस, नाली, खड्डा, खोड, भेग.

काका आधी पांढरे पडले आणि मग मोठ्याने हसले. "टेकडी काय म्हैस आहे, उठून चालायला? आणि तो पाइप जुना आहे. भंगारातला!"

"त्यातून पाणी येतंय, काका!"

"थोडंफार येत असेल."

"नाली साफ केलीस ना तू?" मोठीआईने विचारलं.

"केली म्हणजे काय! चकाचक!"

मोठीआईने मुलाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं आणि ताट सरकवलं. "सकाळच्या चादरींचं खापर टेकडीवर फोडायचं म्हणजे हद्द झाली! मी या जागेवर जन्म काढला. मला शिकवता? संध्याकाळी हॉटेलची गाडी येईल. सगळ्यांनी इस्त्रीला बसा!"

"मोठीआई, इस्त्रीखोलीत नको! त्या खोलीत कोणी जाऊ नका!"

"एक शब्द नको!"

टिकलीचे डोळे भरून आले. रागाने म्हणा, भीतीने म्हणा. तिची आई, मोठीआई, काका आणि इस्त्रीवाल्या मावशी, सगळी त्या टेकडीला टेकलेल्या खोलीत जाऊन बसली. इस्त्र्यांची वाफ फुसफुसू लागली.

तिघं पुन्हा वर धावली. दोरा तुटला होता! नुसता तुटला नव्हता, तर दोन्ही टोकं इतकी दूर गेली होती की ती ओढूनही एकमेकांना पोचली नसती. आणि पायाखाली काहीतरी गुरगुरत होतं, अगदी खोल, पोटात भूक लागल्यावर गुरगुरतं तसं. तिघंही जीव खाऊन खाली पळाली. इस्त्रीखोलीच्या पत्र्यावर खडे पडत होते. टक्. टक्. टकटक्.

"आई! बाहेर ये! मोठीआई!" टिकलीने दारावर धडका मारल्या. दार पुन्हा अडकलं होतं.

"कामात आहोत!" आतून मोठीआई गरजली. "आता दार वाजवलंस तर बघ!"

"खडे कोण मारतंय पत्र्यावर?" काकांचा आवाज आला. "पोरं फार शेफारली आहेत!"

ऐकणार नव्हते! काही केल्या ऐकणार नव्हते! टिकलीने डोकं गच्च धरलं. मोठीआईला हातातलं काम टाकून बाहेर कशाने आणता येईल? आग लागली म्हटलं तरी ती आधी चादरीची घडी पूर्ण करेल. तिला एकच गोष्ट सहन होत नाही. एकच!

टिकलीने अंगणाकडे पाहिलं. तिने पुन्हा खळबळून वाळत घातलेल्या चादरी उन्हात चमकत होत्या. सकाळपासूनची सगळी मेहनत!

"शंकासुर, जमेल तेवढ्या मोठ्याने ओरड!" असं म्हणून तिने ओसरीवरच्या शिवणाच्या टेबलावरची मोठी कातर उचलली आणि थेट फाटकाजवळच्या खालच्या खांबाकडे धूम ठोकली.

कचकन पहिली दोरी तुटली! चादरींची अख्खी रांग भुईवर लोळली.

"मोठीआईऽऽ!" शंकासुराने आभाळ डोक्यावर घेतलं. "ताई दोऱ्या कापतेय! सगळ्या चादरी मातीत! हॉटेलच्या! पांढऱ्या! सगळ्याऽऽ!"

आणि आतून असा धक्का बसला की अडकलेलं दार बिजागरीसकट उघडलं! हातात पाणी फवारायची बाटली घेऊन मोठीआई बाहेर आली. मागून टिकलीची आई, मागून इस्त्रीवाल्या मावशी.

"थांब! थांब म्हणते ना! तुझे हात नाही मोडले तर बघ!"

टिकलीने तिच्या डोळ्यांत डोळे घालून दुसरी दोरी कापली. मग तिसरी. मोठीआई धावत सुटली! तिला धावता येतं हे घरात कोणाला माहीतच नव्हतं.

पण काका? काका दारात नव्हते!

"मी इस्त्र्या बंद करून येतो!" ते आतून ओरडले. पत्र्यावर आता खड्यांचा पाऊस पडत होता.

पैलवान अंगणाच्या मधोमध उभा होता. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. मग त्याने पोटातून हाक मारली, "बाबा! नाली कोरडी आहे! कोळ्याचं जाळं पण आहे! मी मोठीआईला आत्ता दाखवतोय!"

"ए! ए, थांब! गाढवा, थांब!" काका धडपडत बाहेर आले आणि पोराच्या मागे धावत सुटले. पैलवान फाटकाकडे पळत होता. नालीकडे नव्हे!

आणि टेकडी आली.

ती कोसळली नाही. ती चालत आली! वरची झाडं उभ्याच्या उभी खाली सरकली, बसमध्ये उभी राहिलेली माणसं बस सुटल्यावर सरकतात तशी. वरचे खांब एकमेकांवर आदळले. बांधाचं पोट फुटलं आणि निळसर फेसाची चिळकांडी उडाली. मग माती, दगड आणि पाणी एकत्र होऊन इस्त्रीखोलीत शिरलं. पत्रा कागदासारखा चुरगळला. आधी आवाज नव्हताच, आणि मग एवढा आवाज झाला की तो कानांना ऐकू येण्याऐवजी दातांना जाणवला.

नंतर धूळ. धुळीत साबणाचे बुडबुडे तरंगत होते. त्यातला एक मोठीआईच्या नाकासमोर येऊन फुटला. तिच्या हातातली बाटली खाली पडली. आईने टिकलीला आणि शंकासुराला छातीशी इतकं आवळलं की श्वास घेता येईना. इस्त्रीवाल्या मावशी फाटकाला धरून मटकन खाली बसल्या. काका आपल्या मुलाचा दंड पकडून उभे होते.

जिथे ते सगळे इतका वेळ बसले होते, तिथे खोलीच नव्हती. मातीच्या ढिगाच्या टोकावर, कोणीतरी मुद्दाम ठेवावी तशी, निळ्या पट्ट्याची चप्पल होती.

"माझी चप्पल," पैलवान म्हणाला आणि ढसाढसा रडू लागला. काकाही रडले. रडत रडतच ते जाऊन पंप बंद करून आले.

दुसऱ्या दिवशी जमीन तपासणाऱ्या बाई आल्या. डोक्यावर टोपी, हातात छोटा हातोडा. त्यांनी सगळी टेकडी पायांखाली घातली, ते खोड पाहिलं, चिमटे पाहिले आणि तिघांना शेजारी उभं करून म्हणाल्या, "चिकट मातीचा थर खाली, सैल दगडमाती वर आणि मध्ये रोजचं पाणी. घसरायला आणखी काय हवं? झुकलेले खांब, अडकणारं दार, फुगलेला बांध... सगळ्या खुणा या पोरांनी अचूक वाचल्या. मोठमोठ्यांच्या नजरेतून सुटतात त्या!"

"आणि आमचं अंगणही वरूनच घसरून आलंय ना?" टिकलीने विचारलं.

"तुझं बरोबर आहे. अंगण जुन्या घसरणीतूनच घडलंय. टेकडीला विचारून राहायला लागेल. वरचं पाणी वळवायचं, झाडं लावायची, पायथ्याला कोणी बसायचं नाही."

मोठीआई हे सगळं हाताची घडी घालून ऐकत होती. बाई गेल्यावर ती काकांकडे वळली. "तू आधी नाली साफ करशील. तुझ्या हातांनी. आणि मी तिथे खुर्ची टाकून बसेन." काका मान खाली घालून खोरं आणायला गेले.

मग ती टिकलीसमोर आली. अंगणात मातीने बरबटलेल्या चादरींचा ढीग तसाच पडला होता. टिकलीने नजर खाली वळवली.

"वर बघ," मोठीआई म्हणाली. "काल सकाळी तू काही केलं नव्हतंस, तरी मी तुला शिक्षा केली. दुपारी तू माझ्या दोऱ्या कापल्यास, धुतलेल्या चादरी मातीत घातल्यास आणि या वयात मला अंगणभर पळवलंस. चादर मातीत पडलेली बघून मला बरं वाटलं, असं आजवर कधी झालं नव्हतं. ते तू करून दाखवलंस! या चादरी आता मी धुणार. तू हात लावायचा नाहीस. आणि आजपासून या अंगणातल्या दोऱ्या बघायचं काम तुझं. पण एक लक्षात ठेव, दोरी सैल दिसली की आधी आवळायची नाही. आधी मला येऊन सांगायचं. आणि मी ऐकलं नाही, तर कातर कुठे असते ते तुला माहीत आहे!"